पेजेच्या रंगाची भिंत

माय, फुलचूरच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीला रंग द्यायचा होता आणि पांढरा कोणता द्यायचा ते ठरत नव्हतं. पांढऱ्यात ठरवायचं काय, असं तुला वाटेल. माझ्या नवऱ्यालाही तेच वाटतं. तो म्हणतो, पांढरा तो पांढरा, त्यात जावई निवडल्यासारखं काय करतेस? पण रंगाच्या दुकानातून आणलेल्या शेडकार्डावर नुसत्या पांढऱ्याच्याच इतक्या पट्ट्या आहेत की एखादीनं वैतागून भिंत तशीच सोडून द्यावी. मी वैतागणाऱ्यातली नाही. गोंदियाच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. बायका साडी घेऊन येतात, मी तिला जुळणारा ब्लाउजपीस काढून देते, फॉल लावून देते. मोतिया, मलई आणि बदामी असे तीन कपडे शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाला एकच दिसतात. मी ते उचलून दुकानाच्या दारात नेते, ट्यूबलाइटच्या उजेडात काही खरं दिसत नाही म्हणून बजावते, आणि दिवसाच्या उजेडात तिन्ही वेगवेगळे करून दाखवते. माझी नजर चुकत नाही, असं बाजारात म्हणतात. मीही तसंच मानत आले. गर्वाचं घर खाली हे शाळेत फळ्यावर वाचलं होतं, पण ते आपल्या घराबद्दल असेल असं कोणाला वाटतं?

खोली आईसाठी आहे. आई म्हणजे तुझ्यानंतर जी आली ती. तू गेलीस तेव्हा मी नुकती नीट चालायला लागले होते म्हणतात. कावीळ झाली, बैलगाडीतून दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते तुला नाही, अशी गोष्ट मला सगळ्यांनी सांगितली आहे. मला त्यातलं काही आठवत नाही. वर्ष सरायच्या आत बाबांनी हिला आणली. सुरुवातीला तिला मावशी म्हणायचं असं मला शिकवलं होतं. मावशीची आई कधी झाली ते कळलं नाही. कोणी ठरवून केलं नाही, खेळता खेळता जीभ वळली असेल. माय हा शब्द मात्र मी तुझ्यासाठी जपून ठेवला, तो कोणालाच दिला नाही. तरी तुला लिहायला बसले आणि पहिल्या पानावरच तिला आई म्हणतेय, याची मला लाज वाटते. दुसरं काही म्हणावं तर ती तिच्याशी बेइमानी होते. म्हणजे पहिल्याच पानावर मी दोघींचीही गुन्हेगार.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ, म्हणजे आईचा मुलगा, पुण्याकडे नोकरीला आहे. आई बिरसीजवळच्या आपल्या गावात एकटीच राहते. अंगणात धान वाळत घालते, आणि डोक्यावरून विमान चालवायला शिकणारी पोरं घिरट्या घालत गेली की वर बघून त्यांना शिव्या देते. आता तिचे गुडघे गेलेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. यंदा कापणी झाल्यावर मी आणि भावानं मिळून तिचं ऐकायचं नाही असं ठरवलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं महिन्याभरात होईल, आणि मग ती कायमची आमच्याकडे येईल. मागची खोली तिची. खिडकी पूर्वेला आहे, सकाळचं ऊन आत येतं.

आता खरं सांगायचं ते असं की, त्या खोलीच्या निमित्तानं मी एक चोरी करत होते. मला तुझा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. फोटो नाहीच. आठवते ती एक भिंत. आपलं जुनं मातीचं घर, त्यातली रांधणी, चुलीच्या उजव्या हाताची भिंत. तिला छुईचा पोतारा दिलेला, छुई म्हणजे आपल्याकडची पांढरी माती, ती भिजवून कापडाच्या बोळ्यानं भिंतीला फासायची. बोळा फिरवताना बोटांचे अर्धगोल उमटतात ते त्या भिंतीवर दिसायचे. मी भिंतीकडे तोंड करून बसलेली आहे, मागे भांडी वाजत आहेत, आणि मी एका अर्धगोलावरून बोट फिरवत दुसऱ्यावर जाते आहे. भिंतीचा पांढरा शुभ्र नाही. त्यात किंचित पिवळेपणा आहे, तांदळाची पेज थोडी निवली की जसा येतो तसा. ही भिंत माझी माय, असं मी मनात धरलं ते कधीपासून, मला सांगता येणार नाही. ते घर माझ्या लग्नानंतर पाडून बाबांनी सिमेंटचं बांधलं, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही, आणि कोणाला कारण सांगितलं नाही.

त्या भिंतीशी मी बोलायची. आई रागावली, तिनं पाठीत धपाटा घातला, भावाला दुधावरची साय दिली आणि मला नाही दिली, की मी रांधणीत जाऊन भिंतीजवळ बसायची आणि हळू आवाजात तुला सगळं सांगायची. तू असतीस तर असं केलं असतंस का, असं विचारायची. तू काही बोलायची नाहीस, म्हणून तू माझ्याच बाजूची आहेस हे पक्कं. जिवंत बाईला रोज घर चालवायचं असतं, तिची चूक रोज होणारच. तुझी एकही चूक कधी झाली नाही. लग्न होऊन निघताना तर मी कमालच केली. वऱ्हाड बाहेर खोळंबलं असताना आत धावत गेले, त्या भिंतीला डोकं टेकलं, रडले, आणि मग बाहेर येऊन आईच्या गळ्यात पडले. तोवर माझं रडू सरलं होतं. बाया म्हणाल्या, मायची पोर आहे, विसरली नाही. आई दारातच उभी होती, तिनं पाहिलं होतं. तिनं माझा पदर सारखा केला.

तेव्हापासून माझ्या मनात होतं की स्वतःचं घर झालं की एका खोलीला तो रंग द्यायचा. सासरच्या घरात सासऱ्यांच्या आवडीचा गुलाबी होता. फुलचूरचं घर बांधलं तेव्हा नवऱ्यानं आणि पोरांनी एकेक खोली वाटून घेतली, आणि माझ्या वाट्याला किचन आलं, त्याला टाइल्स लागल्या. उरली ती मागची खोली. आईसाठी म्हणून ती रंगवायची आणि रंग तुझा द्यायचा, असा माझा बेत. तिला काय कळणार, पिकलेल्या मोतीबिंदूच्या बाईला पांढऱ्या-पांढऱ्यातला फरक कुठून दिसणार, असं मी धरून चालले होते. तिनं आयुष्यभर तुला गळ्यात वागवलं आहे, हे माहीत असून मी असा विचार केला. पहिली बायको गेलेल्या माणसाशी लग्न करणारीनं सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. तिच्या काळ्या मण्यांमध्ये तो टाक आहे, त्यावरची आकृती झिजून गुळगुळीत झाली आहे. सणाला नवं लुगडं नेसायच्या आधी ती त्याला दाखवते. आणि मी तिच्याच खोलीत तिच्यापासून लपवून तुला आणायला निघाले होते, तेही भिंतीच्या रूपानं.

शेडकार्ड घेऊन मी किती फेऱ्या मारल्या त्या दुकानदारालाच विचार. शेवटी तीन रंगांचे छोटे डबे करून घेतले आणि पेंटरला प्रायमर मारलेल्या भिंतीवर शेजारी शेजारी तीन चौकोन काढायला लावले. एक किंचित निळसर, एक पिवळसर, एक दोन्हीच्या मधला. पेंटर हिंदीवाला, स्वभावानं बरा, पण त्याचा धीर सुटत चालला होता. "मैडम, तीनों एक ही हैं," तो म्हणाला. "परदा लगेगा, पलंग लगेगा, फिर दीवार कौन देखता है?"

"मैं देखूंगी," मी म्हणाले.

"तो आप देखिए, तब तक मैं दूसरी साइट देख के आता हूँ," असं म्हणून तो गेला तो दोन दिवस आलाच नाही.

त्याच दोन दिवसांत आई डोळा दाखवायला गोंदियाला आली आणि आमच्याकडे मुक्कामाला राहिली. सकाळी चहा घेऊन मी मागच्या खोलीत गेले तर ती आधीच तिथे, काळा चष्मा कपाळावर सरकवून भिंतीसमोर उभी. एक डोळा झाकायची, चौकोनांकडे बघायची, मग दुसरा झाकून बघायची. तिच्या बोलीत ळ नाही, ती डोळ्याला डोरा म्हणते आणि निळ्याला निरा. "पाह्य ना वो," ती म्हणाली, "या डोऱ्यानं समदं पिवरं दिसते आन् नव्या डोऱ्यानं समदं निरं. आता खरं कोनतं, तूच सांग."

मला हसू आलं. म्हटलं, "नव्या डोळ्याचं खरं. त्याचे पैसे भरलेत."

तीही हसली. मग नव्या डोळ्यानं तिन्ही चौकोन पुन्हा पाहून तिनं पिवळसर चौकोनावर पंजा ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, ओळखीनं. "हा तं माहा आहे," ती म्हणाली.

"तुहा कसा?"

"माह्या हातचा. आपल्या रांधनीतला. छुईत हरद टाकून करो ना मी."

माझ्या हातात चहा होता तो मी खिडकीत ठेवला. म्हटलं, "आई, तो मायचा रंग होता."

"तुह्या मायची भित निरी होती," ती म्हणाली. "थे छुईत नीर टाके, कपड्याले टाकतेत थे. गावात तेवढी पांढरी भित कोनाचीच नवती म्हनत बाया. मी आली तवा तीच होती. मी हात नाही लावला तिले."

"मग?"

"मग तू तिले खाऊन राहिली होती."

पुढचं तिनं पलंग नसलेल्या त्या खोलीत, जमिनीवर बसून, चहा पीत सांगितलं, आणि मी उभीच राहिले. तू गेल्यावर मी जेवेना. भिंतीजवळ बसायची आणि नखानं छुई खरवडून तोंडात घालायची. लेकरं माती खातातच, पण मी दुसरीकडची खायची नाही, फक्त तीच भिंत, तू शेवटचा पोतारा दिलेली. ओठ निळे, पोट फुगलेलं, शौचाला पांढरं होऊ लागलेलं. मारून पाहिलं, हात बांधून पाहिले, बाबांनी भिंतीला फळी लावून पाहिली, मी फळीच्या फटीतून बोट घालायची. नवी नवरी घरात आलेली, तिच्याकडे गावाचे डोळे लागलेले. सवतीची भिंत वर्षाच्या आत पुसली तर लोक काय म्हणतील हे तिला माहीत होतं, आणि पुसली नाही तर पोर जाईल हेही दिसत होतं. तिनं कडुनिंबाचा पाला उकळला, त्या काढ्यात छुई भिजवली, पाल्याचा हिरवा डाग झाकायला हळद घातली, आणि तुझी निळी भिंत पोतून काढली. त्याआधी टाक हातात घेऊन तुला सांगितलं म्हणाली. "तिले म्हनलं, बाई, तुही भित पुसतो, पोट्टी वाचवतो. राग येईन तं माह्यावर काढ."

गावानं बोलायचं ते बोललंच. सवतीचं नाव पुसलं, असं विहिरीवर बाया तिच्या तोंडावर म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी भिंत चाटली, थू केलं, रडले आणि पेज प्यायले.

"पण मी माती खायची सोडली तरी तू दरसाल हळदच टाकायचीस," मी म्हणाले. "काऊन?"

"तू तिथं बसून तुह्या मायसंगं बोलत राहे ना. रंग बदलवला असता तं तू कोनासंगं बोलली असती?"

"तुला ऐकू यायचं?"

"मातीची भित होती वो, किल्ल्याची होती का? मी चुलीपाशीच तं राहो. समदं आयको. सायीचं आयकलं, धपाट्याचं आयकलं."

"मग सांगितलं काऊन नाही की ही भिंत तुझी आहे म्हणून?"

"कायले सांगू? तुले माय भेटत होती, भेटू दे म्हनलं." आणि तिनं कप माझ्या हातात दिला, साखर कमी होती म्हणाली.

माय, मी तुला आयुष्यभर जिची चुगली केली, ती मी तिच्यापाशीच करत होते. जिला न रडता निरोप दिला तिच्याच हातच्या भिंतीवर मी माझं सगळं रडू संपवलं होतं, आणि ती दारात उभी राहून ते बघत होती. ही शरम कुठे ठेवू ते मला कळत नाही. आणि तुझ्यासमोर तर तोंडच उरलं नाही. तुझं म्हणून जे एवढंसं जवळ बाळगलं ते तुझं नव्हतंच. तुझं जे होतं ते मी खाऊन संपवलं.

आईनं त्याच सकाळी निकाल लावला. भिंतीला टेकत उठली, निळसर चौकोनाजवळ गेली, जुना डोळा झाकून नव्यानं पाहिलं. "हा. अस्साच होता. थोडा अजून निरा. हाच लाव. तुह्या मायचं तुह्याजवर काहीच नाही राहिलं." मी हो म्हटलं. ती गावाला परत गेली. तिची खोली, तिनं सांगितलेला रंग, आणि तो तुझा. यापेक्षा सरळ काय असणार? आता तुझा पांढरा जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्या माणसानं बोट ठेवून दाखवला.

मग मी त्या चौकोनासमोर उभी राहू लागले. सकाळच्या उन्हात, दुपारी, दिवेलागणीला. जवळून, लांबून. कापडाला जशी बोटं लावून बघते तशी भिंतीला लावून पाहिली. आतून काहीतरी हलेल, एखादा पदर, एखादा वास, काहीही, याची वाट पाहिली. तो स्वच्छ, चांगला पांढरा होता. दवाखान्यात असतो, नव्या बँकेत असतो. माझ्यासाठी तो परक्याच्या घरची भिंत होता. शेजारच्या पिवळसर चौकोनाकडे मात्र मी मुद्दाम बघत नव्हते, आणि न बघताही तो मला दिसत होता. बाजारात माझ्या नजरेला नाव ठेवायला जागा नाही, आणि तुला मी ओळखू शकले नाही.

पेंटर आला तेव्हा फायनल कौनसा, असं त्यानं विचारलं. निळसर, असं तोंडावर आलं होतं. मी पिवळसरवर हात ठेवला. "यही तो मैं बोल रहा था," तो म्हणाला, जे तो कधीच म्हणाला नव्हता. त्याला दोन दिवस लागले. निळसर चौकोनावर पहिला हात फिरताना मी तिथेच होते, डब्याचं झाकण धरून. त्याला मध्ये थांबवावं असं एकदा फार वाटलं. थांबवलं नाही. पहिल्यांदा तिनं तुला पुसलं ते माझा जीव वाचवायला. या वेळी मी पुसलं, ते कशासाठी? तिचं देणं फेडायला, असं नवऱ्याला सांगितलं. ते ऐकायला बरं वाटतं. पण मला तू अनोळखी वाटलीस आणि ती ओळखीची, एवढंच ते आहे, आणि ते तुला सांगायला माझ्याकडे याहून बरे शब्द नाहीत. दुसरा डोळा झाला की ती येईल, दोन्ही नव्या डोळ्यांनी भिंत बघेल, आणि तिला कळेल. रागावेल. टाक हातात घेऊन तुझी माफीही मागेल, माझ्या वतीनं, न विचारता.

तुला वाचता येत नव्हतं, हेही तिनंच सांगितलं. तू असतीस तरी हे कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. गावात तुझ्या वयाच्या बायांत चौथी शिकलेली, अक्षराला अक्षर जुळवून का होईना वाचणारी, एकच आहे, ती आई. तिच्या हाती मी हे देऊ शकत नाही. तेव्हा हे इथेच राहू दे.

काल रंग पुरता सुकला. घरात कोणी नव्हतं. मी दार लावून घेतलं, खिडकीखाली बसले आणि भिंतीला जीभ लावली, या वयात. नव्या रंगाला कसलीच चव नसते. तुझ्या छुईची तरी आठवावी म्हणून डोळे मिटून बराच वेळ बसले, अगदी मनापासून बसले, माय. तोंडात आली ती कडूच.